दोन्ही बाजूंनी उघडणारी वही

रमजानचा चाँद दिसण्याआधी घर झाडून-पुसून, भांडीकुंडी घासून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. गेल्या वर्षी हे काम मी पहिल्यांदाच अब्बांशिवाय केलं. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले आणि मार्चच्या सुरुवातीला रमजान आला. सातपूरच्या घरात त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती. मधल्या काळात ती उघडायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. शेवटी अम्मीच म्हणाली, "अब खोल बेटा, कपड़े किसी के काम आएँगे."

पेटीत दोन खाकी शर्ट होते, खोक्यात जपून ठेवलेला मायक्रोमीटर होता, पीएफच्या जुन्या पावत्या होत्या, अत्तराची रिकामी कुपी होती आणि लाल कापडी पुठ्ठ्याची हिशेबाची एक लांबट वही होती. ही वही मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण कधी उघडली नव्हती. बापाच्या वहीला हात लावायचा नाही, हे न सांगता कळायचं.

वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. उजवीकडून उघडली की उर्दू. डावीकडून उघडली की मराठी. अब्बांचं शिक्षण मालेगावच्या उर्दू शाळेत झालं आणि मराठी ते सातपूरच्या कारखान्यात शिकले, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पण वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की फरक केवळ भाषेचा नव्हता. उर्दूच्या बाजूला सुटलेल्या रोज्यांचा हिशेब होता. मराठीच्या बाजूला माणसांचा.

रमजानमध्ये कुणी आजारी असेल, प्रवासात असेल, तर त्याला रोजा सोडायची मुभा आहे. मात्र तो रोजा माफ होत नाही. पुढे वर्षभरात सवडीने ठेवून भरून काढायचा असतो. त्याला 'कजा' म्हणतात. अब्बांनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक कजा रोजा लिहून ठेवला होता. का सुटला, कधी भरून काढला, सगळं. आणि वहीच्या दुसऱ्या बाजूने, तितक्याच नेटकेपणाने, कुणाकडून सायकल घेतली, कुणाचे वीस रुपये, कुणाची रात्रपाळी.

ही सवय त्यांना कुठून लागली, हे सांगायचं तर मालेगावला जावं लागेल.

आमच्याकडे आजोबांना 'दादा' म्हणतात. माझे दादा विणकर. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर प्रदेशातून विणकरांची कुटुंबं दक्षिणेकडे निघाली, त्यातली बरीचशी मोसम नदीच्या काठी मालेगावात स्थिरावली. आमचे पूर्वज त्यांतलेच. दादांनी पोरवयात हातमागावर धोटा फेकला आणि पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या यंत्रमागांवर काढलं. बारा तासांची पाळी, खटाखट असा आवाज की शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलायचं, आणि केसांत, भुवयांत कापसाचं पांढरं भुसकट. मजुरी ताग्यावर. जेवढं कापड विणलं तेवढे पैसे. वीज गेली, सूत आलं नाही, अंगात ताप असला, तर पैसे नाहीत. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून हिशेब गुरुवारी. गुरुवारची संध्याकाळ म्हणजे घरातली सर्वांत मोठी संध्याकाळ.

दादांना कुराण वाचता यायचं, पण लिहिता येत नव्हतं. त्यांचा हिशेब भिंतीवर असे. दाराच्या एका अंगाला कोळशाच्या उभ्या रेघा, म्हणजे विणलेले तागे. दुसऱ्या अंगाला आडव्या रेघा, म्हणजे वाण्याची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची उधारी. आणि कोनाड्याखाली छोटी छोटी वर्तुळं, म्हणजे सुटलेले रोजे. देणं फिटलं की बोट ओलं करून ती खूण पुसायची. ईदच्या आधीच्या आठवड्यात घराला चुना लागायचा. चुना लागला की सगळंच झाकलं जाणार, म्हणून त्याआधी भिंत रिकामी झाली पाहिजे, हा दादांचा नियम. "ईद के पहले दीवार साफ," असं ते म्हणत. आजी सांगायची, एके वर्षी दोन आडव्या रेघा पुसायच्या राहिल्या, तर दादांनी त्या भिंतीला चुना लावूच दिला नाही. पाहुणे आले, ईद झाली, तीन भिंती पांढऱ्या आणि एक काळवंडलेली.

त्यांचं आणखी एक सांगणं होतं, ते अब्बांनी मला अनेकदा ऐकवलं. मागावर सूत तुटतं, ते जोडावं लागतं. गाठ अशी मारायची की कापडावरून हात फिरवला तरी कळू नये. शिकाऊ पोरं घाईत जाड गाठ मारतात, ती फणीत अडकते आणि आणखी चार सूत तोडते. दादा म्हणायचे, "जल्दी की गाँठ, दुगना काम." अब्बा थोरले. दहावीपर्यंत शिकले, शाळा सुटली की मागावर कांड्या भरायचे, पुढे स्वतःही माग चालवू लागले. पण दादांनीच ठरवलं की घरातल्या एकाने तरी या आवाजातून बाहेर पडायचं.

१९७१ साली अब्बा नाशिकला आले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. एसटी चांदवडवरून यायची, राहूड घाटात गाडी धापा टाकायची. निघताना दादांनी शिदोरीबरोबर एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "वहाँ दीवार किराए की होगी. कापी रख." भाड्याच्या घरात भिंतीवर रेघा कशा मारणार? ती ही वही.

सातपूर तेव्हा नुकतं घडत होतं. १९६२ साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काळात त्र्यंबक रस्त्यालगतची शेतं आणि माळरानं एकेक करून कारखान्यांनी भरत गेली. मिको, महिंद्रा, सिएट ही नावं सातपूरकरांच्या तोंडी गल्लीच्या नावासारखी रुळली. खानदेशातून, नगरमधून, मराठवाड्यातून, कसमादे पट्ट्यातून पोरं येत होती. एका खोलीत सहा-सहा जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे. अब्बांनी त्र्यंबक रस्त्यावरच्याच आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला, वर्षभर अप्रेंटिस राहिले आणि १९७४ च्या सप्टेंबरात एका कारखान्यात लेथवर कायम झाले. त्याच महिन्यात रमजान सुरू झाला होता. त्यांच्या नोकरीचा पहिला आठवडा आणि रोज्यांचा पहिला आठवडा एकच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. हिंदू पंचांगात अधिक मास घालून हा फरक भरून काढतात, म्हणून दिवाळी ठरावीक ऋतूतच येते. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून मूळ जागी पोचतो. अब्बा ५८ व्या वर्षी, २००७ च्या सप्टेंबरअखेरीस निवृत्त झाले. त्या वर्षीही रमजान सप्टेंबरच्या मध्यावरच सुरू झाला होता. म्हणजे रमजानचं एक पूर्ण चक्र त्यांनी लेथसमोर उभं राहून पाहिलं. मला हे गणित वही वाचताना कळलं. त्यांनी ते आधीच करून ठेवलं होतं. उर्दूच्या बाजूला २००७ सालापुढे एक छोटी ओळ होती, तिचा अर्थ एवढाच, की चक्र पूर्ण झालं.

त्या चक्रातला सर्वांत अवघड टप्पा १९८३ ते १९८७ चा. या पाच वर्षांत रमजान मे-जूनच्या आसपास होता. पहाटे साडेचारच्या आत सेहरी संपवायची आणि संध्याकाळी सात वाजून गेल्यावर रोजा सोडायचा. साडेचौदा तास पाण्याचा थेंब नाही. वर पत्रा, शेजारी भट्टीचा विभाग, समोर लोखंड कापताना उठणारा धूर. दुपारी साडेतीनची पाळी असली की इफ्तारची वेळ मशीनवरच यायची. खिशात कागदाच्या पुडीत तीन खजूर. लेथ बंद करायचा नसतो, कारण अर्धवट कापलेला तुकडा बिघडतो. म्हणून शेजारच्या मशीनवरचा माणूस पाच-दहा मिनिटं दोन्ही मशीन सांभाळायचा. १९८५ च्या उन्हाळ्यात अब्बांना दोनदा भोवळ आली. डॉक्टरांनी रोजे सोडायला सांगितले. त्या वर्षापुढे नऊचा आकडा आहे, त्याच्या पुढच्या वर्षी चारचा. नऊच्या नऊ रोजे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवून पुरे केले. थंडीत दिवस लहान, रोजा सव्वाबारा तासांचा. मला आठवतं, ते हसून म्हणायचे, "गर्मी का कर्ज, सर्दी में अदा. और ब्याज भी नहीं."

शेजारच्या मशीनवरच्या त्या माणसाला अब्बा 'माउली' म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, त्र्यंबक रस्त्यावरच्या एका खेड्यातले शेतकरी, घरात वारीची परंपरा. ते अब्बांना 'मिस्त्री' म्हणत. वहीच्या मराठी बाजूला सगळ्यांत जास्त वेळा येणारं नाव 'माउली' हेच आहे. कारण त्या दोघांत एक करार होता, तोंडी. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री, जी आम्ही शब-ए-कद्र म्हणून इबादतीत जागवतो, अब्बांना रात्रपाळी आली तर ती माउली करायचे. आणि संत निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघाली, की वाटेत सातपूरला मुक्काम करते, त्या रात्री माउलींना पाळी असली तर ती अब्बा करायचे. साहेबांची परवानगी घेऊन आपसात पाळी बदलायची पद्धत कारखान्यात होतीच. एकाने दुसऱ्याची रात्रपाळी केली, की दुसऱ्यावर एक रात्र चढली, इतका साधा हिशेब.

एकाने नमाजेत रात्र जागावी म्हणून दुसरा लोखंड कापत होता आणि दुसऱ्याने कीर्तनात रात्र जागावी म्हणून पहिला. दोघांपैकी कुणीही याला मोठं नाव दिलं नाही. वहीत फक्त लिहिलंय : 'माउली – १ रात्र.' फिटली की त्यावर तिरपी रेघ.

१९८७ साली आजी वारल्यावर दादा सातपूरला आमच्याकडे राहायला आले. सुरुवातीला त्यांना झोप लागत नसे. साठ वर्षं मागांच्या आवाजात गेलेली, आणि इथली शांतता त्यांना अंगावर यायची. रात्री लांबवर कुठल्या तरी कारखान्यातल्या प्रेसचा धप्प धप्प आवाज यायचा, तो कान देऊन ऐकत पडायचे. अब्बा दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेबाराला आले की दादा उठून बसायचे. दोघं काही बोलत नसत. दादा अब्बांचे हात हातात घेऊन बघायचे. कूलंटने बोटांची सालं निघालेली असायची, लोखंडाचे बारीक कण रुतलेले असायचे. दादा सुई दिव्याच्या ज्योतीवर धरून ते कण काढत बसायचे. सूत जोडणारी बोटं, त्यामुळे कण लगेच सापडायचा. सात-आठ वर्षांचा मी अंथरुणातून हे बघायचो. बाप-लेकाचं प्रेम म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर अजूनही तेच दिसतं. १९९१ साली दादा गेले.

अब्बांनी मला सातपूरच्या मराठी शाळेत घातलं आणि उर्दू घरी शिकवली. आज मी कॉलेजात मराठी शिकवतो. कायम होण्यापूर्वी नऊ वर्षं मी 'तासिका तत्त्वावर' होतो. जेवढे तास घेतले तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. पहिल्यांदा हे अब्बांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मतलब फिर ताग्यावर." दादा ताग्यावर होते. अब्बांना महिन्याचा पगार, बोनस, युनियनचं अॅग्रीमेंट मिळालं. आणि एम. ए. झालेला त्यांचा मुलगा पुन्हा मालेगावच्या गुरुवारी येऊन उभा राहिला. आजही सातपूरच्या कारखान्यांच्या फाटकांतून आत जाणारी कितीतरी पोरं कंत्राटावर आहेत, काही महिने झाले की ब्रेक. त्यांच्या बापांनी जी भिंत ओलांडली, ती त्यांच्यासाठी पुन्हा उभी राहिली आहे.

निवृत्तीनंतरची एक गोष्ट मला फार जवळची वाटते. ज्याच्याकडे गरजा भागून ठरावीक मर्यादेइतकी शिल्लक वर्षभर टिकते, त्याच्यावर जकात बंधनकारक होते, शिलकीच्या अडीच टक्के. ३३ वर्षांत अब्बांची शिल्लक तिथवर कधी पोचलीच नव्हती. निवृत्तीच्या पीएफमधले काही पैसे बहिणीचं लग्न होऊनही उरले आणि २००८ च्या रमजानमध्ये त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा जकात लागू झाली. बढती मिळाल्यासारखे ते खूश होते. आयुष्यभर घेणाऱ्यांच्या नाही, पण देणाऱ्यांच्याही रांगेत नसलेला माणूस त्या वर्षी देणाऱ्यांच्या रांगेत गेला. एसटीने मालेगावला जाऊन आले. कुणाला दिली, ते वहीतही लिहिलेलं नाही.

आता त्या वहीतल्या शेवटच्या पानांकडे येतो. उजवीकडून, म्हणजे उर्दूच्या बाजूने, चार वर्तुळं उघडी राहिली होती. १९८६ चे चार रोजे. पुढे शब्द होता, 'शक'. भरून काढले की नाही, याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती आणि नंतरच्या वर्षांत साखरेच्या आजाराने रोजे ठेवणं शक्य राहिलं नव्हतं. डावीकडून, मराठीच्या बाजूने, तीन ओळींवर तिरपी रेघ नव्हती. 'माउली – १ रात्र', तीन वेळा. साल १९९९ ते २००१ च्या आसपासचं.

आमच्याकडे दफनविधीच्या वेळी वारसाने उभं राहून सांगायचं असतं, की मयताकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी ते देईन. प्रेषितांनी जनाजाची नमाज पढवण्याआधी मयतावर कर्ज आहे का, अशी विचारणा केल्याची नोंद हदीसमध्ये आहे. अब्बांच्या वेळी मीही तसं सांगितलं होतं. कुणीही पुढे आलं नाही. माझा बाप कुणाचं काही देणं लागत नव्हता, या समाधानात मी तीन महिने होतो.

चार रोज्यांचं काम सोपं होतं. एका रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचं जेवण, याला 'फिदया' म्हणतात. दुसऱ्याच दिवशी ते झालं. पण आमच्या धर्मशास्त्रात हक्क दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक अल्लाहचे, दुसरे त्याच्या बंद्यांचे, म्हणजे माणसांचे. अल्लाह आपला हक्क माफ करू शकतो, तो दयाळू आहे. पण माणसाचा हक्क त्या माणसानेच माफ करावा लागतो. महिनाभर मशिदीत जागरण केलं तरी ते खातं तिथे मिटत नाही. हे मी व्याख्यानांत अनेकदा सांगितलं होतं. आता ते माझ्या बापाच्या अक्षरात माझ्यासमोर होतं.

एका रविवारी खजुरांचा डबा घेऊन मी काकांच्या खेड्यात गेलो. खरं सांगायचं तर माफी मागायची आणि मिळवायची, याच तयारीने गेलो होतो. पंच्याहत्तरी ओलांडलेला वारकरी माणूस, तो काय तीन रात्री मागणार आहे? 'असू दे रे' म्हणेल, डोळे पुसेल, मी घरी येईन.

काकांनी वही हातात घेतली. चष्मा लावला. डावीकडची पानं एकेक करून वाचली. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "दोन मांडायच्या राहिल्यात."

मला कळेना. ते म्हणाले, "तुझे आजोबा दवाखान्यात होते ना, एक्याण्णव साली? त्या दोन रात्री मी केल्या. त्या दिवसांत मिस्त्रीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. लिहायचं राहिलं असंल."

म्हणजे दादांच्या शेवटच्या दोन रात्री अब्बा त्यांच्या उशाशी बसू शकले, ते या माणसामुळे. चौतीस वर्षं आम्हाला ते माहीत नव्हतं.

"काका, तुम्ही जनाजाला आला होता. मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"चार माणसांत मिस्त्रीच्या नावावर देणं लावू? आता तू वही घेऊन आलास, तर मग बरोबर मांड."

मी माफीचं बोललो. त्यावर ते जे म्हणाले, त्याने मी आणलेला खजुरांचा डबा मला फार हलका वाटू लागला. "माफ करायला काय जातं रे? पण मग त्याने एवढी वर्षं लिहून ठेवलं, त्याला काय अर्थ?" मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तो दर दिवाळीला विचारायचा, असंही त्यांनी सांगितलं. त्या तीन वर्षांत पालखीच्या रात्री त्यांना पाळीच आली नव्हती, म्हणून फेडायची वेळ आली नाही. आणि २००२ साली काका कारखान्यातून बाहेर पडले. "मीच म्हणायचो, राहू दे मिस्त्री. देणं फिटलं की येणं थांबतं."

लेथ मला चालवता येत नाही. पाच रात्री, म्हणजे आठ तासांच्या पाच पाळ्या, म्हणजे चाळीस तास. मी ते कसे देणार? काकांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. त्यांची नात बाहेर आली. पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीत ती पहाटे पाचपासून घाम गाळत होती, पण लेखी परीक्षेतलं मराठी व्याकरण तिला छळत होतं. संधी, समास, प्रयोग. "मास्तर आहेस ना तू? मग बस," काका म्हणाले.

तेव्हापासून जमेल त्या रविवारी मी जातो. नातीचा प्रश्न नेमका असतो आणि उत्तर नेमकं नसलं की ती सोडत नाही, आजोबांसारखीच. सुरुवातीला मी दीड तासाला दोन तास मांडले, तर काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. कॉलेजात पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला तास म्हणायची मला सवय. इथे तास साठ मिनिटांचा. अब्बांच्या वहीत, मराठीच्या बाजूने, शेवटच्या नोंदीखाली मी आता लिहितो : 'माउली – २ तास.' अक्षर त्यांच्याइतकं नेटकं येत नाही.

यंदा रमजान फेब्रुवारीत सुरू झाला. ना उन्हाळा, ना हिवाळा. रोजा फार जड नाही आणि मी पंख्याखाली बसून काम करणारा माणूस. रविवारी मी गेलो की काकू स्वयंपाकघराचं दार ओढून घेतात, चहाचा वास बाहेर येऊ नये म्हणून. मी कितीदा सांगितलं, त्याची गरज नाही. त्या ऐकत नाहीत. मागच्या रविवारी निघताना त्यांनी हातात कागदाची पुडी दिली. संध्याकाळी उघडली, तर तीन खजूर होते. अब्बा पाळीवर न्यायचे तसेच मोजून तीन. त्यांना ते कसं माहीत, हे मी विचारलं नाही. शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या घरात ते माहीत असणारच.

आजवर ३१ तास झाले. नऊ बाकी आहेत. ईदच्या आधी बसवले तर बसतात. दादांचा नियम तोच सांगतो, ईदच्या आधी भिंत साफ झाली पाहिजे. पण परवा मी हा हिशेब काकांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, "एखादा तास राहू दे बाकी."

मी अजून ठरवलेलं नाही.